बॅटरी खराब नाही, दुसरं ग्राफिक्स जागं आहे

ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आहे, मग ते गेम खेळणारे असोत, व्हिडिओ एडिट करणारे असोत की इंजिनीअरिंगचे विद्यार्थी, त्यांची एक ठरलेली तक्रार असते. विकत घेताना सहा तास चालेल म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात अडीच तासांत चार्जर शोधावा लागतो. या तक्रारीवर दुरुस्तीवाल्याचं उत्तरही ठरलेलं असतं: बॅटरी गेली, नवी टाका. काही हजार रुपये जातात, नव्या बॅटरीवर थोडा फरक पडल्यासारखा वाटतो आणि मग पुन्हा तेच अडीच-तीन तास. बॅटरी बदलू नका असं माझं म्हणणं नाही. पण ती बदलण्याआधी अर्धा तास काढून एक गोष्ट तपासा. तुमच्या यंत्रात दोन ग्राफिक्स आहेत, त्यातलं दुसरं काम नसताना बंद होतं का?

आधी हिशेब मांडू. लॅपटॉपच्या पाठीवर किंवा बॅटरीवर तिची क्षमता वॅट-अवरमध्ये छापलेली असते. ती ६० आहे असं धरा. टायपिंग, ईमेल, ब्राउझरमधली चार पानं एवढंच काम चालू असताना यंत्र १० वॅट खात असेल, तर बॅटरी सहा तास पुरेल. त्याच कामाला यंत्र २० वॅट खाऊ लागलं, तर तीन तास. बॅटरी तीच आणि कामही तेच. हे वाढीव वॅट बरेचदा त्या दुसऱ्या ग्राफिक्सचे असतात. ते काहीही करत नसतं, फक्त जागं असतं. मोठी शेगडी बारीक करून तशीच ठेवली, वर भांडं नाही, तरी गॅस जळतोच, तसं.

ही दोन ग्राफिक्स कोणती? पहिलं प्रोसेसरच्याच आत बसवलेलं असतं. दुकानात त्याला इनबिल्ट ग्राफिक्स म्हणतात, ते इंटेलचं किंवा एएमडीचं असतं. दुसरं वेगळी चिप म्हणून बोर्डावर असतं, त्याला स्वतःची मेमरी असते. लोक त्याला कार्ड म्हणतात, जरी लॅपटॉपमध्ये ते डेस्कटॉपसारखं काढता-घालता येत नाही. जीफोर्स आरटीएक्स किंवा रेडिऑन आरएक्स हे स्टिकर त्याचंच. इनबिल्ट ग्राफिक्स एक-दोन वॅटमध्येही स्क्रीन चालवू शकतं. कार्डाची भूक निराळी असते. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० या कार्डाला कंपन्या ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देतात, कोणत्या मॉडेलमध्ये किती हे कंपनी ठरवते. ६० वॅट-अवरच्या बॅटरीवर १०० वॅटचा भार टाकला तर ती ३६ मिनिटांत संपेल. म्हणूनच चार्जर काढला की बहुतेक यंत्रं कार्डाचा लगाम आपणहून खेचतात आणि गेम अडखळायला लागतो. तो बिघाड नाही.

दोन ग्राफिक्सची कल्पना जुनी आहे. २००६ च्या सुमारास सोनीच्या वायो एसझेड मालिकेत कीबोर्डच्या वर एक छोटा सरकता खटका होता: एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला टिकाव. खटका सरकवायचा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा. हे कटकटीचं होतं खरं, पण आपण कुठल्या बाजूला आहोत हे डोळ्यांना दिसत होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं आणि खटका गेला. या पद्धतीत स्क्रीनची वायर कायम इनबिल्टकडेच जोडलेली असते. एखाद्या प्रोग्रामला ताकद हवी असली की कार्डाला वीज मिळते, ते चित्र तयार करतं, ते इनबिल्टच्या मेमरीत पाठवतं आणि इनबिल्ट ते पडद्यावर दाखवतं. काम संपलं की कार्डाची वीज पूर्ण तोडली जाते. वापरणाऱ्याला काही कळत नाही. नेमकी इथेच गोम आहे, कारण कार्ड झोपलं नाही तरीही वापरणाऱ्याला काही कळत नाही.

कार्डाच्या तीन अवस्था असतात, हे एकदा पक्कं डोक्यात ठेवा. कामात असलेलं, रिकामं पण जागं असलेलं आणि वीज तोडलेलं. टास्क मॅनेजरमध्ये कार्डासमोर, म्हणजे बहुधा ‘जीपीयू १’ समोर, शून्य टक्के दिसलं की लोक निश्चिंत होतात. पण रिकाम्या, जाग्या कार्डाचा वापरही शून्य टक्केच दिसतो. तो आकडा कामाचा असतो, विजेचा नसतो. कार्ड नुसतं जागं राहिल्याचा खर्च यंत्रागणिक बदलतो. पाच वॅटही असतो, दहाच्या पुढेही जातो. वर मांडलेल्या हिशेबात दोन-तीन तास गिळायला एवढा पुरेसा आहे.

आता झडती. चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड नेहमीएवढा ठेवा, नेहमीचेच प्रोग्राम उघडे ठेवा. यंत्र किती वॅट खातंय हे दाखवणारं नीरसॉफ्टचं बॅटरीइन्फोव्ह्यू नावाचं एक छोटं, फुकट साधन आहे. त्यात बॅटरी उतरण्याचा दर मिलीवॅटमध्ये दिसतो. ९,००० दिसलं तर नऊ वॅट. दोन-चार मिनिटं हात न लावता थांबा आणि आकडा कुठे स्थिरावतो ते कागदावर लिहा. तापमान, पंख्याचा वेग, कार्डाचा घड्याळवेग असं सगळं एकाच वेळी दाखवणारी साधनं या कामाला घेऊ नका. त्यातली बरीचशी दर सेकंदाला कार्डाला हाक मारून त्याची खुशाली विचारतात, आणि हाक मारली की ते उठतं. तपासणाऱ्यामुळेच दोष निर्माण व्हावा असा हा प्रकार आहे, आणि त्यात भलेभले फसतात. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं साधन लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालू व्हायला लावलेलं असेल, तर कदाचित तुमचा चोर तोच असेल.

बाहेरचं काही उतरवून घ्यायचं नसेल तर विंडोजचा स्वतःचा अहवाल आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. ब्राउझरमध्ये उघडणारी एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच लिहून येतं. अर्धा तास बॅटरीवर काम करून हा अहवाल काढला की त्या अर्ध्या तासात किती मिलीवॅट-अवर उतरले ते कळतं. ५,००० उतरले असतील तर यंत्र सरासरी १० वॅट खात होतं. याच अहवालात वर दोन ओळी असतात, डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. पहिली ६०,००० आणि दुसरी ५४,००० असेल तर बॅटरी नव्वद टक्के शाबूत आहे. तिला दोष देऊ नका. दुसरी ओळ ३५,००० वर आली असेल तर दुरुस्तीवाला खरं बोलत होता.

वॅट जास्त आहेत असं दिसलं, तर पुढचा प्रश्न: कार्डाला कोण जागं ठेवतंय? एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये वरच्या डेस्कटॉप मेनूत एक पर्याय असतो: जीपीयूच्या हालचालीचं चिन्ह नोटिफिकेशनच्या जागेत दाखवा. तो टिक केला की घड्याळाशेजारी एक बारकंसं चिन्ह येतं. कार्ड वापरात असलं की ते रंगीत होतं, नसलं की करडं, आणि त्यावर क्लिक केलं की कोणकोणते प्रोग्राम कार्डावर बसलेत त्यांची नावं मिळतात. नव्या लॅपटॉपवर मी आधी हे चिन्ह चालू करतो, वॉलपेपर नंतर. रेडिऑनवाल्यांनी टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये वरच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘जीपीयू इंजिन’ हा रकाना घ्यावा. तिथे प्रत्येक प्रोग्रामसमोर जीपीयू ० की जीपीयू १ ते दिसतं. कोणता आकडा कुणाचा हे परफॉर्मन्स टॅबवर नावासकट कळतं.

या यादीत जे सापडतं ते बरेचदा हसू आणणारं असतं. हलता वॉलपेपर. कीबोर्डाखालचे रंगीत दिवे सांभाळणारा प्रोग्राम. गेम विकत घेण्याची दुकानं, म्हणजे स्टीम, एपिक वगैरे, जी कॉम्प्युटर सुरू होताच मागे येऊन बसतात. गेमचा शेवटचा काही मिनिटांचा खेळ मागे जाऊन साठवण्याची ‘इन्स्टंट रिप्ले’ ही सोय चालू असेल तर कार्ड सतत रेकॉर्डिंगच्या पवित्र्यात उभं असतं. व्हिडिओ कॉलमध्ये मागची खोली पुसून टाकणारं एनव्हिडिया ब्रॉडकास्ट तर कार्डावरच चालतं. मीटिंग संपली तरी ते बंद करायचं राहून जातं. यातलं एकही काम बॅटरीवर असताना गरजेचं नसतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन ही मंडळी डिसेबल करा. गेम खेळायचा असेल तेव्हा हाताने उघडता येतात.

पण मी पाहिलेल्या यंत्रांत सर्वात मोठा दोषी वेगळाच असतो आणि तो मालकाने स्वतः बसवलेला असतो. यूट्यूबवर ‘गेमचा वेग वाढवा’ छापाचे व्हिडिओ आहेत. त्यांत सांगितलेलं असतं की एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्री-डी सेटिंग्ज’मध्ये जा आणि ग्लोबल टॅबवर हाय-परफॉर्मन्स प्रोसेसर निवडा. ग्लोबल म्हणजे सगळ्यांसाठी. त्या दिवसापासून पीडीएफ वाचणारा प्रोग्रामही कार्डाकडे जाऊ शकतो. ते परत ‘ऑटो-सिलेक्ट’वर आणा.

मग एकेका प्रोग्रामचं कसं ठरवायचं? त्यासाठी विंडोजची स्वतःची जागा आहे: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि सगळ्यात खाली ग्राफिक्स. ही सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली. तिथे प्रोग्राम निवडून तीनपैकी एक पर्याय द्यायचा: विंडोजने ठरवावं, पॉवर सेव्हिंग किंवा हाय परफॉर्मन्स. पॉवर सेव्हिंग म्हणजे इनबिल्ट, हाय परफॉर्मन्स म्हणजे कार्ड. दोन्हीकडे निवड वेगवेगळी असेल तर विंडोजची चालते. नव्या कंट्रोल पॅनेलमध्ये तशी सूचनाही दिसते. ब्राउझर, ऑफिस, व्हॉट्सॲप, गाणी वाजवणारा प्रोग्राम, झूम, हे सगळे पॉवर सेव्हिंगवर टाका. गेम आणि एडिटिंगचा मुख्य प्रोग्राम तेवढा हाय परफॉर्मन्सवर. बाकीच्यांना हात लावू नका. ब्लेंडर किंवा डाव्हिंची रिझॉल्व्हसारखे प्रोग्राम मात्र ही चिठ्ठी फारशी मानत नाहीत. ते यंत्रात किती कार्डं आहेत हे स्वतः शोधून गणिताच्या कामाला जुंपतात. असे प्रोग्राम काम झालं की खाली सरकवून ठेवायचे नसतात, बंद करायचे असतात.

आता मक्स स्विच, ज्याची गेल्या काही वर्षांत जोरात जाहिरात होते. ऑप्टिमसमध्ये चित्र कार्डाकडून इनबिल्टकडे आणि तिथून पडद्याकडे असा फेरा पडतो, त्यात गेमचा थोडा वेग जातो. मक्स हा बोर्डावरचा सांधा आहे. तो फिरवला की पडदा थेट कार्डाला जोडला जातो आणि गेम थोडा जास्त वेगाने धावतो. मात्र त्या अवस्थेत पडदाच कार्डावर चालत असल्यामुळे कार्ड झोपूच शकत नाही. नुसतं डेस्कटॉपकडे बघत बसलात तरी ते वीज खाणार. आसूसमध्ये या अवस्थेला अल्टिमेट म्हणतात. लेनोवोच्या लीजनमध्ये हायब्रिड मोड बंद केला की हेच होतं. सुट्टीत गेमसाठी हा मोड लावला जातो, सुट्टी संपते, कॉलेज सुरू होतं आणि मोड तसाच राहतो. बॅटरी अचानक अर्धी झाल्यासारखी वाटली तर आधी हेच बघा. बदल करताना बहुतेक यंत्रं पुन्हा सुरू करावी लागतात. २०२० मध्ये आलेल्या ॲडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये तो बदल चालू यंत्रावर होतो, पडदा क्षणभर गोठतो इतकंच.

हे मोड बदलणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येच दुसऱ्या टोकाला बॅटरीवाल्यांचा खरा मित्र बसलेला असतो. आसूसच्या आर्मरी क्रेटमध्ये त्याचं नाव इको, लेनोवो व्हँटेजमध्ये ‘हायब्रिड-आयजीपीयू ओन्ली’. हा मोड निवडला की कार्ड यंत्रातून काढून टाकल्यासारखं होतं. त्याची वीज फर्मवेअरच्या पातळीवर तोडली जाते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्येही ते दिसत नाही. कोणताही आगाऊ प्रोग्राम मग त्याला उठवू शकत नाही. चार्जर काढला की कार्ड आपोआप घालवायचं आणि लावला की परत आणायचं अशी सोयही असते. आसूसमध्ये ती ऑप्टिमाइझ्ड या नावाने आहे, लेनोवोत हायब्रिड-ऑटो. मला विचाराल तर बहुतेकांनी हाच पर्याय लावून विसरून जावं. आर्मरी क्रेट जड वाटत असेल तर जी-हेल्पर नावाचं फुकट, हलकं साधन आसूसवाल्यांमध्ये बरंच वापरलं जातं, ते हेच मोड बदलून देतं.

हा मोड तुमच्या यंत्रात नसेल तर एक उपाय सुचेल आणि तो करू नका. डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, कार्डावर राइट-क्लिक, डिसेबल. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण कार्डाला झोपवण्याचं काम त्याचा ड्रायव्हर करतो. डिसेबल केलं की तुम्ही ड्रायव्हरलाच रजा दिलीत, आणि बऱ्याच यंत्रांत कार्डाची वीज मग तोडलीच जात नाही. ते निष्क्रिय होतं पण जागं राहतं, आणि काही वेळा आधीपेक्षा जास्त वीज खातं. करून बघायचंच असेल तर आधी आणि नंतरचे वॅट मोजा. तेच कार्डाचा ड्रायव्हर अनइन्स्टॉल करणाऱ्यांचं. ड्रायव्हर नसलेलं कार्ड म्हणजे शिक्षक नसलेला वर्ग, त्याला गप्प बसवणाराच कोणी उरत नाही.

कधी कधी सगळं नीट लावलेलं असतं, यादीत एकही प्रोग्राम नसतो, तरीही वॅट खाली येत नाहीत. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर किंवा बाहेरचा मॉनिटर काढल्यावर कार्ड अर्धवट अवस्थेत अडकतं, असं बऱ्याचदा होतं. अशा वेळी रीस्टार्ट द्या. शटडाउन करून पुन्हा चालू केल्याने ते सुटेलच असं नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज बंद होताना स्वतःची अवस्था साठवून ठेवतं आणि तीच परत आणतं. रीस्टार्टनेही फरक पडला नाही तर ड्रायव्हर आणि बायोस ही जोडी लॅपटॉप कंपनीच्या पानावरून, तुमच्या मॉडेलच्या नावाने घेऊन ताजी करा. बायोस ताजं करताना चार्जर लावलेला हवा. ज्यांच्याकडे वीज जाते-येते त्यांनी बॅटरीही निम्म्याहून वर भरून घ्यावी.

बाहेरचा मॉनिटर ही तर स्वतंत्र कथा. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं तोंड थेट कार्डाला जोडलेलं असतं. तिथे वायर लावली की कार्ड उठणारच, आणि इको मोडमध्ये ते तोंड मुकं होतं. प्रोजेक्टरला जोडून सादरीकरण करताना ऐन वेळी पडदा काळा राहिला तर कारण बहुधा हेच असतं. काही यंत्रांत टाइप-सी तोंडांपैकी एक इनबिल्टकडे जातं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ या पानावर कोणता मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय त्याचं चित्र दिसतं. एकदा बघून ठेवा. घरी टेबलावर चार्जर लावूनच मॉनिटर वापरत असाल तर याची चिंता करण्यात अर्थ नाही.

चार्जर लावलेला असताना बॅटरी उतरते हीदेखील तक्रार येते. प्रोसेसर आणि कार्ड मिळून चार्जर देतो त्याहून जास्त मागत असतील, तर तूट बॅटरीतून भरली जाते. यंत्राबरोबर आलेला चार्जर १८० किंवा २४० वॅटचा असेल आणि तुम्ही प्रवासात हलका म्हणून ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर नेला असेल, तर त्याच्यावर गेम खेळू नका. इको मोडमध्ये मात्र तोच छोटा चार्जर मजेत पुरतो. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवतानाही हाच नियम. गावाकडे भारनियमनाच्या वेळी दोन पंखे, दोन दिवे आणि दीडशे वॅट खेचणारा लॅपटॉप, यात शेवटचा कमी करणं तुमच्या हातात आहे.

कार्ड झोपलं तरी काही खर्च उरतो. पडद्याचा रिफ्रेश दर १४४ किंवा १६५ असेल तर बॅटरीवर ६० करा. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये तो पर्याय आहे आणि बऱ्याच कंपन्या हे आपोआप करून देतात. प्रोसेसरच्या नावात शेवटी एचएक्स असेल तर अपेक्षा थोडी खाली आणा. ते बरेचदा मूळचे डेस्कटॉपचे प्रोसेसर लॅपटॉपमध्ये बसवलेले असतात, रिकामे असतानाही त्यांचा खर्च जास्त असतो. अशा यंत्रात १५ वॅट हा दोष नसेलही. आणि बॅगेतून काढल्यावर लॅपटॉप गरम लागत असेल तर झाकण मिटल्यावर तो नीट झोपत नाही. प्रवासाला निघताना हायबरनेट करा, प्रश्न मिटतो.

जुन्या मॅकबुकवाल्यांसाठी थोडंसं. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची चिप आणली आणि तिथे ही दुविधाच संपली. पण २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोपर्यंत इंटेल आणि रेडिऑन अशी जोडी होती आणि ती यंत्रं आजही सेकंडहँड बाजारात फिरतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक ग्राफिक्स स्विचिंग चालू ठेवा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या एनर्जी टॅबवर एक रकाना आहे, या प्रोग्रामला ताकदवान जीपीयू लागतो का असं सांगणारा. तिथे ‘यस’ दिसेल त्याला बंद करा. बाहेरचा मॉनिटर लावला की या यंत्रांत रेडिऑन चालूच राहतं, त्याला उपाय नाही. २०११ चं १५ किंवा १७ इंची मॅकबुक प्रो कोणी स्वस्तात देत असेल तर सरळ नाही म्हणा. त्याचं ग्राफिक्स इतक्या जणांचं बिघडलं की ॲपलला २०१५ मध्ये दुरुस्तीची खास योजना काढावी लागली होती. ती कधीच संपली.

लिनक्सवर हा प्रश्न बराच काळ चिघळलेला होता. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोतीने ऑप्टिमसच्या लॅपटॉपबद्दल विचारलं तेव्हा लिनस टोरव्हाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला जी शिवी हासडली, ती बहुतेक लिनक्सवाल्यांना पाठ आहे. आज परिस्थिती सुधारली आहे. उबंटूवर प्राइम-सिलेक्ट या आज्ञेने तीन अवस्था मिळतात: फक्त इंटेल, ऑन-डिमांड आणि फक्त एनव्हिडिया. कार्ड जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० मालिकेतलं किंवा त्यानंतरचं असेल तर ऑन-डिमांड ठेवा, काम नसताना त्याची वीज तोडता येते. त्याआधीचं, उदाहरणार्थ जीटीएक्स १०५० असेल, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरखाली ऑन-डिमांडमध्ये ते पूर्ण बंद होत नाही. बॅटरीवर असताना सरळ इंटेल निवडा. वॅट मोजायला पॉवरटॉप आहे. एनव्हिडिया-एसएमआय ही आज्ञा मात्र पुन्हापुन्हा चालवू नका. ती कार्डाला उठवते, मग कार्ड जागं आहे असं सांगते, आणि आपण दोष शोधत बसतो.

एक गोष्ट यातल्या कशानेही सुटणार नाही. टचपॅड वर आला असेल, झाकण नीट मिटत नसेल, खालचं कव्हर फुगल्यासारखं दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. मोजमाप, मोड, ड्रायव्हर सगळं सोडा, यंत्र बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी बदलून घ्या. ती स्वतः दाबून बसवायला जाऊ नका.

नवा लॅपटॉप घ्यायचाच असेल तर दुकानात कार्डाच्या नावाइतकीच चौकशी बॅटरीच्या वॅट-अवरची करा. विमानात न विचारता नेता येईल अशा बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर असल्यामुळे मोठ्यात मोठे लॅपटॉप ९९ च्या आसपास थांबतात. ५० च्या खालची बॅटरी आणि तगडं कार्ड ही जोडी म्हणजे चार्जरला बांधलेलं यंत्र समजा. कार्ड पूर्ण बंद करणारा मोड त्या मॉडेलमध्ये आहे का, टाइप-सीवरून चार्ज होतो का आणि एचडीएमआय कोणत्या ग्राफिक्सला जोडलंय, हे तीन प्रश्न विचारा. दुकानदाराला उत्तरं माहीत नसतील तर त्या मॉडेलची पुस्तिका कंपनीच्या पानावरून उतरवून घ्या. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, किंवा फक्त कोडिंग आणि द्विमितीय ऑटोकॅडसाठी, मी तरी वेगळं कार्ड घ्यायला सांगणार नाही. त्याच पैशांत जास्त रॅम आणि मोठी बॅटरी येते. ज्याला त्रिमितीय मॉडेलिंग, रेंडरिंग किंवा कूडावर मशीन लर्निंग करायचंय त्याने कार्ड जरूर घ्यावं, आणि घरी आणल्याच्या दिवशीच चार्जर काढून, काहीही इन्स्टॉल करायच्या आधी, रिकाम्या यंत्राचे वॅट मोजून लिहून ठेवावेत. सहा महिन्यांनी तक्रार करायची वेळ आली तर ताडून बघायला हाच आकडा लागतो.